भुरीचा नकाशा

सौसरच्या तहसील कचेरीत जमिनीच्या नकाशांच्या नकला काढायचं काम प्रमिला ढोके करत असे. खिडकीशी तिचं उतरतं टेबल होतं. त्यावर मूळ नकाशा, नकाशावर पारदर्शक कापड ताणलेलं, आणि हातात बारीक टोकाचा टाक. शेताचा बांध कुठे मोडतो, विहीर कोणत्या कोपऱ्यात आहे, नाला कुठून शिरतो, हे ती इतकं नेमकं उतरवायची की हद्दीचा वाद निघाला की पटवारी म्हणत, "ढोकेबाईची नक्कल आणा."

तिचे वडील याच कचेरीत चपराशी होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी एकवीस वर्षांच्या प्रमिलेला घेतलं. पहिली दोन वर्षं तिनं माठ भरले, फायली इकडून तिकडे नेल्या. मग कोणा साहेबानं तिचं अक्षर पाहिलं आणि तिला नकलेच्या टेबलावर बसवलं. तिथून ती उठलीच नाही. धाकटा भाऊ विजय भिलाईला कारखान्यात लागला, तिकडेच त्यानं लग्न केलं. आई अर्धांगानं सहा वर्षं खाटेवर होती आणि ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत गेली. स्टेशनाजवळच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण, एवढं घर मग प्रमिलेच्या एकटीच्या वाट्याला आलं. कचेरीत दिवसभर ती फार तर वीस वाक्यं बोलत असेल. घरी तीही नाहीत.

त्याच वर्षी कचेरीच्या मागच्या पायरीशी तिला एक पिल्लू सापडलं. भुऱ्या रंगाची मादी, एका हातात मावेल एवढी. भुरी हेच तिचं नाव पडलं. दोन-अडीच वर्षं भुरी अंगणात राहिली, तुकतुकीत आणि धष्टपुष्ट. पंच्याऐंशीच्या जानेवारीत गल्लीतली कुत्री कुंपणातून आत घुसली आणि त्यांनी भुरीचा कान फाडला. त्या दिवसापासून प्रमिलेनं तिला घरात घेतलं. खाटेशेजारी बारदान अंथरलं. कोणाच्या तरी श्वासाचा आवाज खोलीत आहे, म्हणून तिला पहिले काही दिवस झोपच लागेना. पुढे त्या आवाजाशिवाय लागेनाशी झाली.

होळीच्या सुमारास भुरी खाजवायला लागली.

आधी पंजे चाटायची. मग पोट. मग मागच्या पायानं काखेत इतकं खाजवायची की कातडी लाल होऊन पाणी सुटायचं. महिन्याभरात पोटावरचे केस गेले, हनुवटी सोलून निघाली. प्रमिला कचेरीतून आली की भुरी शेपूट हलवत दोन पावलं यायची आणि मध्येच बसून स्वतःला चावायला लागायची.

शेजारच्या मीनानं कुंपणावरून सांगितलं, "जळालेलं तेल लावा ना, बाई. आमच्या ट्रॅक्टरचं काढलेलं हाये, डबाभर देतो."

प्रमिलेनं लावलं. भुरीनं ते सगळं चाटलं आणि संध्याकाळपर्यंत ओकत राहिली. प्रमिला तिच्याजवळ बसून ओल्या फडक्यानं काळं तेल पुसत होती, आणि आपण हे का केलं म्हणून स्वतःलाच बोलत होती.

मग ती भुरीला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे बैलांची रांग होती. एक म्हैस विण्यात अडली होती आणि डॉक्टर कोपरापर्यंत हात भरून तिच्यात गुंतले होते. दोन तासांनी त्यांनी भुरीकडे पाहिलं, सुई टोचली आणि पिवळं मलम दिलं. "खरूज दिसते, बाई. लावा आणि वाट पहा." चार दिवस भुरी शांत झोपली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसरी सुई झाली, तिसरी झाली. प्रत्येक वेळी चार दिवस.

मे महिन्यात प्रमिलेला छिंदवाड्याला जायचा हुकूम आला. जिल्ह्याच्या कचेरीतले जुने नकाशे वाळवी खात चालली होती, त्यांच्या नकला करायच्या होत्या. तीन आठवड्यांचं काम. भुरीचं काय करायचं, हा प्रश्न होता. कचेरीतला मोतीराम चपराशी रामाकोन्याहून रोज नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं ये-जा करायचा. तो म्हणाला, "माह्या घरी ठेवा जी. बायको हाये, जागा हाये. खाजवून राहिली तर तिथंही खाजवन."

छिंदवाड्यात प्रमिला एका खानावळीच्या वरच्या खोलीत राहिली. संध्याकाळी खिडकीत बसून ती रस्ता पाहायची. दर चार दिवसांनी तिनं मोतीरामला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मोतीरामला लिहिता येत होतं, पण कुत्रीबद्दल कार्ड कसं लिहायचं, हे त्याला सुचलं नसावं.

परतताना ती मधेच रामाकोन्याला उतरली. मोतीरामचं घर मातीचं, शेणानं सारवलेलं. अंगणातल्या लिंबाखाली भुरी झोपली होती. प्रमिलेला पाहताच ती अशी धावत आली की तिच्या हातातली पिशवी पडली. प्रमिलेनं तिला उताणं केलं. पोटावर मऊ लव आली होती. काखेतल्या जखमा सुकल्या होत्या. हनुवटी कोरडी.

"कोणतं औषध लावलं, लीलाबाई?" तिनं मोतीरामच्या बायकोला विचारलं.

"काहीच नाही बाई. आम्ही जे खाल्लं ते तिनं खाल्लं. ज्वारीची भाकर, वरण. आली तवा चार-पाच दिवस लई खाजवे, मग कमी कमी होत गेलं." लीलाबाई भुरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "इथंच राहू द्या ना तिले. बरी हाये इथं."

प्रमिला हसली आणि नको म्हणाली. गाडीत भुरीला बाकाखाली बसवून ती सौसरपर्यंत आली, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. आनंद तर होता. पण दोन महिने आपण औषधं केली, सुया दिल्या, रात्रंदिवस जवळ बसलो, आणि आपण नव्हतो तेव्हा ती बरी झाली, हे तिला लागलं.

घरी येऊन पाच दिवस झाले आणि भुरी पंजे चाटायला लागली.

आठवड्यानं पोट पुन्हा लाल झालं. शनिवारी संध्याकाळी प्रमिला भुरीला दोरीला बांधून स्टेशनवर घेऊन गेली. मोतीराम घरी जायच्या गाडीची वाट पाहत उभा होता.

"घेऊन जा तिला," ती म्हणाली.

मोतीरामनं दोरी हातात घेतली. गाडी आली. भुरी काही केल्या डब्यात चढेना. मोतीरामनं ओढलं तेव्हा तिनं मान वळवून प्रमिलेकडे पाहिलं. प्रमिलेनं पुढे होऊन दोरी परत घेतली.

"राहू द्या, मोतीराम."

"बाई," तो पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला, "सावरगावले भिवाजी कंपाउंडर राह्यतात. नदीच्या पलीकडं, पांढुर्ण्याहून पायीच जाता येते. चाळीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढले त्यायनं. एक डाव विचारा तर."

बसमध्ये कुत्रं घेणार नव्हते. म्हणून रविवारी निघण्याआधी प्रमिलेनं आपल्याला येत होतं ते केलं. भुरीला जमिनीवर आडवी केली आणि कागदावर तिची नक्कल काढली. एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची, एक उताणी. मग लाल पेन्सिलीनं जिथे जिथे केस गेले होते, जिथे कातडी लाल होती, तेवढाच भाग रंगवला. कडा अगदी काटेकोर, शेताच्या हद्दीसारख्या.

जाम नदीचा पूल ओलांडून ती सावरगावात पोचली तेव्हा भिवाजी ओट्यावर दोर वळत बसले होते. सत्तरीचे, वाळलेले, डोळ्याला जाड चष्मा. घरात दुसरं कोणी दिसलं नाही. कुत्री आणली नाही म्हटल्यावर ते जरा वैतागले. मग प्रमिलेनं भुरी मोतीरामच्या घरी तीन आठवड्यांत कशी बरी झाली ते सांगितलं आणि कागद पुढे केला.

भिवाजींनी दोर खाली ठेवला. कागद उन्हात धरला. "कुत्र्याचा नकाशा," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत हे कोणी आणलं नाही." बराच वेळ ते पाहत राहिले. "हे लाल सगळं बरोबर हाये? अंदाजानं तर नाही ना रंगवलं?"

"अंदाजानं मी काही काढत नाही," प्रमिला म्हणाली.

"मग ऐका. पिसवा असत्या तर शेपटीच्या बुडापासून सुरू झालं असतं. खरजेत कानाच्या कडा आधी जातात. तुमच्या नकाशात पाठ कोरी हाये, कान कोरे हायेत. लाल कुठं हाये? पोट, काखा, जांघा, पंजाच्या बोटांमधी, हनुवटी." त्यांनी मान वर केली. "कुत्रं पसरून बसते तवा त्याचं काय काय जमिनीले लागते?"

प्रमिलेनं कागदावर बोट फिरवलं. एक एक लाल जागा.

"मोतीरामच्या घरी जमीन कशाची?"

"शेणानं सारवलेली."

"तुमच्या घरी?"

"फरशी."

"खाजवणं सुरू कवा झालं?"

"होळीला. जानेवारीत तिला घरात घेतलं."

"म्हणजे अंगणात होती तवा काही नाही, घरात आली आणि दोन महिन्यांत सुरू. तुमच्या फरशीवर काही तरी हाये, बाई. खाण्यातलं असतं तर तीन आठवड्यांत एवढं उतरलं नसतं, त्याले दीड-दोन महिने जातात." ते पुन्हा दोर वळायला लागले. "एका वेळी एकच गोष्ट बदलवा. दहा दिवस थांबा. लिहून ठेवा. घाई करून दोन बदलवल्या तर कोणती होती ते समजत नाही. आणि सापडलं तर मले सांगाले या. मले पण माहीत झालं पाहिजे."

निघताना त्यांनी कागद ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. प्रमिलेनं तो त्यांना दिला.

त्या दिवसापासून तिनं वही घातली. कचेरी मध्य प्रदेश सरकारची, तिथलं काम हिंदीत, त्या सवयीनं वहीही हिंदीतच लिहिली गेली. डाव्या रकान्यात तारीख, मध्ये काय बदललं, उजवीकडे किती वेळा खाजवलं. आधी बारदान काढलं, कारण ते धान्याच्या दुकानातलं होतं आणि त्यात किड्यांची पावडर असू शकत होती. दहा दिवस काही फरक नाही. मग आपल्या खाटेखालची जुनी चटई काढली. फरक नाही. मग अंगणातलं गाजरगवत मुळासकट उपटलं. तेव्हा तिच्याच मनगटावर पुरळ उठलं आणि तिला वाटलं, सापडलं. दोन दिवस भुरी कमी खाजवत होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली. त्या रात्री वहीत तिनं फक्त तारीख लिहिली.

पोळ्यापर्यंत असंच चाललं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मं सौसर गोटमार, नदीच्या दोन काठांवरून होणारी दगडफेक, पाहायला पांढुर्ण्याला गेलं. प्रमिलेनं त्या दिवशी रजा टाकली होती, कारण पाठ धरली होती. एरवी तिचा दिवस ठरलेला असे. सकाळी फरशी पुसायची, बादली मोरीत ओतायची, पदर खोचून कचेरी गाठायची, रविवारी बाजार. पुसल्यानंतर घरात काय होतं, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी पुसणं झालं आणि ती खाटेवर टेकली. भुरी अंगणातून आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिनं एक पंजा ओल्या फरशीवर ठेवला, उचलला. दुसरा ठेवला, उचलला. प्रमिलेनं हाक मारली म्हणून ती तशीच आत आली, खाटेजवळ पोट टेकून बसली. पाच मिनिटं. मग ती उठली, जागा बदलली. मग पंजे चाटायला लागली. मग पोट.

प्रमिलेनं खाली वाकून तिचा पंजा हातात घेतला आणि नाकाशी नेला. मग मोरीकडे पाहिलं. बादलीत तळाशी पाणी उरलं होतं, दुधासारखं पांढरं.

फिनाइल. ते रोज सकाळी वापरायची ती, आणि बाटलीवर एक झाकण लिहिलं असताना चार ओतायची. त्याचा वास तिला कितीतरी वर्षांत आलाच नव्हता.

त्याला कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली लोधीखेड्याचे एक विधुर मास्तर, पुंडलिकराव, तिला पाहायला आले होते. बरोबर त्यांची बहीण होती. आई तेव्हा आतल्या खोलीत खाटेवर होती. तिचं अंथरूण दिवसातून चार वेळा बदलावं लागे. प्रमिलेनं पहाटेपासून सगळं धुतलं होतं, तरी त्या बहिणीनं बसल्या बसल्या पदर नाकाला लावला. पुंडलिकराव चांगले वाटले होते. नकाशे कसे काढतात, ते त्यांनी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं होतं. पण बहीण म्हणाली, बाहेर बसू, आणि बाहेरूनच ते गेले. कळवतो म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी प्रमिलेनं फिनाइलची पहिली बाटली आणली. पुढे आई अडखळत्या जिभेनं म्हणायची, "प्रमिला, डोळे चुरचुरतात गं." प्रमिला म्हणायची, "थोडं सहन कर, आई, कोणी आलं तर?"

कोणी आलं नाही. आई गेली, तरी बाटली येत राहिली.

फरशीवर बसून प्रमिला त्या दिवशी रडली. भुरीसाठी की आईच्या डोळ्यांसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग ती उठली. पाठ दुखत असतानाही तिनं भुरीला अंगणात बांधलं आणि दोन्ही खोल्या नुसत्या पाण्यानं धुतल्या. आठ बादल्या लागल्या. कोपऱ्यातून, खाटेच्या पायांखालून, उंबऱ्याच्या फटीतून पांढरं पाणी निघत राहिलं. भुरीलाही धुतलं. वहीत लिहिलं, "फिनाइल बंद."

पण खरी कसोटी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. कचेरीतून आल्यावर दार उघडलं की तिला वास यायचा. ओलीचा, घासलेटचा, कुत्रीचा. आणि या सगळ्यांखाली आणखी एक, आईच्या अंथरुणाचा. तो खरंच होता की आपल्याला भास होतोय, तिला ठरवता येईना. तीन दिवस ती खिडक्या उघड्या टाकून बसली. चौथ्या दिवशी तिला राहवेना. तिनं कुंपणाशी जाऊन मीनाला हाक मारली.

"जरा घरात येता काय?"

मीना आश्चर्यानं आली. इतक्या वर्षांत ती या घराच्या आत आलीच नव्हती. प्रमिलेनं तिला बाहेरच्या खोलीत उभं केलं.

"कशाचा वास येतो का तुम्हाला?"

मीनानं इकडे तिकडे पाहिलं, नाक वर केलं. "कायचा?"

"कशाचाही. खरं सांगा."

"भाजीचा येऊन राहिला. वांगं केलं काय?"

"आणखी?"

"आणखी काही नाही जी." मीना थांबली, मग जरा चाचरत म्हणाली, "आधी मात्र वास ये. रस्त्यापर्यंत ये. दवाखान्यासारखा. मले वाटे, बाईच्या घरी कोणी बिमार हाये अजून, कायले जाव त्रास द्याले."

प्रमिलेनं तिला चहा विचारला. पण मीनाची चूल पेटलेली होती, ती परत येईन म्हणून गेली.

दहाव्या दिवशी वहीच्या उजव्या रकान्यातला आकडा निम्म्यावर आला. विसावा दिवस रविवार होता, त्या दिवशी भुरी सगळी दुपार न उठता झोपली. दसऱ्यापर्यंत पोटावर लव आली, दिवाळीपर्यंत केस. खात्री करायची म्हणून तिनं बारदान परत अंथरलं, चटई परत टाकली. काही झालं नाही. फिनाइल परत टाकून पाहायचं, असंही एकदा तिच्या मनात आलं होतं, कारण पुरावा पुरा झाला असता. पण भुरीकडे पाहून तिनं तेवढं सोडून दिलं.

मीना मध्ये दोनदा आली. एकदा विरजण मागायला, एकदा मुलीच्या शाळेचा अर्ज लिहून घ्यायला. दोन्ही वेळा ती बसली, दहा-पंधरा मिनिटं. ती गेल्यावर प्रमिला तिचा कप लगेच धूत नसे.

दिवाळीनंतरच्या रविवारी प्रमिला सावरगावला गेली. भिवाजींना कसं सांगायचं, ते तिनं बसमध्ये मनाशी जुळवलं होतं. बारदानापासून सुरू करायचं आणि फिनाइल अगदी शेवटी सांगायचं, म्हणजे त्यांनाही ओळखायला वेळ मिळेल. तिला स्वतःचंच हसू आलं. कोणाला काही सांगायचं म्हणून ती इतक्या लांब कधी गेली नव्हती.

दाराला कुलूप होतं. ओट्यावर धूळ साचली होती.

शेजारची एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. "भिवाजी ना? दसऱ्याच्या आधी मोरीत पडले, मांडी मोडली. पोरगी आली, बैतूलले घेऊन गेली."

"परत कधी येतील?"

"आता काय येतात. घर विकाले काढलं म्हणे. तुमचं काही काम होतं?"

"पत्ता आहे का?"

"पत्ता आमच्याजवळ कुठचा बाई. पोरगी शिक्षकाच्या घरी दिली, एवढंच माहीत."

प्रमिला तशीच उभी राहिली. मग ती म्हातारीजवळ ओट्यावर बसली आणि सांगायला लागली. कुत्री घरात घेतल्यापासून, बारदान, चटई, गाजरगवत, उंबऱ्यावर उचललेला पंजा, सगळं, ठरवलं होतं त्याच क्रमानं. म्हातारीनं मध्ये दोनदा "हो का" म्हटलं, खडे वेचून फेकले. फिनाइलशी गोष्ट पोचली तेव्हा तांदूळ निवडून झाले होते.

"बरं झालं बाई, मुकं जनावर सुटलं," असं म्हणून म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि तांदूळ घेऊन आत गेली.

प्रमिला नदीवरून चालत पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर आली. चारची बस मिळाली. खिडकीशी जागा होती. बैतूलला शिक्षक किती असतील, याचा ती वाटभर विचार करत राहिली, आणि सौसर यायच्या आत तिनं ठरवलं की तिथल्या गुरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर एक कार्ड टाकून पाहायचं. एवढ्या वर्षांच्या कंपाउंडरला तिथलं कोणी तरी ओळखत असेल.

कार्ड तिनं दुसऱ्याच दिवशी टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात तिनं दुसरं टाकलं.